वाटाड्या, घोडा आणि जोडपे : वेरूळच्या वाटेपासून माथेरानपर्यंत

दख्खनच्या इतिहासात घोड्याचा विचार आजवर प्रामुख्याने लष्करी अंगाने झालेला आहे. शिलेदार व बारगीर ह्यांतील भेद, पागेची व्यवस्था, भीमथडी तट्टांचा काटकपणा, अरबी घोड्यांची आयात इत्यादी विषयांवर अभ्यासकांनी पुष्कळ लिहिले. परंतु कोणतीही मोहीम, निकड अथवा सरकारी काम नसता केवळ मन रमविण्यासाठी घोड्यावर बसून बाहेर पडावे, सोबत जिवाभावाचे माणूस असावे, एखाद्या रम्य स्थळी उतरून शिदोरी सोडावी आणि दिवेलागणीच्या आत मुक्कामी परतावे, ह्या प्रकारास इतिहासाचा विषय मानण्याची प्रथा नाही. आज मात्र हा प्रकार पर्यटनव्यवसायाचे एक ठरीव अंग होऊन बसला आहे. सुट्टीवर आलेले, बहुधा नवविवाहित जोडपे. त्यांच्यासाठी दोन शांत घोडी. लगाम धरून पुढे चालणारा घोडेवाला. ठरलेली वाट, ठरलेले थांबे आणि ठरलेला दर, असे त्याचे रूप सर्वांच्या परिचयाचे आहे.

ह्या प्रकाराचा उगम विचारला असता सामान्यतः एकच उत्तर मिळते, ते हे की ही इंग्रजांची देणगी होय. 'मधुचंद्र' हा शब्ददेखील इंग्रजी शब्दाचे सरळ भाषांतर असल्यामुळे हे उत्तर पुरेसे वाटते. ते खोटे नाही; पण अपुरे आहे. घोड्यावरून जाणाऱ्या दोघांच्या सहलीस घोडा व जोडपे एवढीच सामग्री लागत नाही. वाट निर्धोक असावी लागते, दोघांना एकत्र बाहेर पडण्याची समाजाची मुभा असावी लागते आणि वाट जाणणारा एक तिसरा माणूस सोबत असावा लागतो. ह्या तिसऱ्या माणसाची नोंद साधनांत क्वचितच सापडते. आणि तरीही सहल शक्य होते की नाही, हे पुष्कळदा त्याच्यावरच अवलंबून राहिलेले दिसते. औरंगाबादेहून (आजच्या छत्रपती संभाजीनगराहून) दौलताबाद व खुलदाबादमार्गे वेरूळला जाणारी जुनी वाट ह्या दृष्टीने तपासून पाहण्याजोगी आहे.

प्रथम त्या वाटेचे मान लक्षात घेतले पाहिजे. मलिक अंबराने इ. स. १६१०मध्ये वसविलेल्या खडकी नगरास औरंगजेबाच्या दुसऱ्या सुभेदारीच्या काळात, १६५३च्या सुमारास, औरंगाबाद हे नाव मिळाले. २०२३मध्ये ते छत्रपती संभाजीनगर झाले. तेथून वेरूळ वायव्येस सुमारे ३० किलोमीटर आहे. निम्म्या वाटेवर देवगिरीचा किल्ला लागतो. मग घाट चढून खुलदाबादचे पठार आणि त्याच्या पलीकडील उतारावर लेणी. कदमचालीने घोडा तासाला सहा किलोमीटरच्या आसपास अंतर कापतो. म्हणजे जाण्यासच पाच तास, येण्यास तितकेच, आणि मध्ये चौतीस लेण्यांची डोंगराच्या कडेने पसरलेली ओळ. घोड्यावरून सकाळी निघून वेरूळ पाहून संध्याकाळी औरंगाबादेस परत येणे ही गोष्ट हौशी माणसाच्या आटोक्यातील नव्हतीच. वेरूळच्या सहलीस खुलदाबादचा मुक्काम अपरिहार्य होता. छावणीतील इंग्रज अधिकाऱ्यांनी उन्हाळ्यात खुलदाबादच्या थंड हवेचा आश्रय केला व तेथील एका जुन्या मकबऱ्यातच आपली राहण्याची सोय लावून घेतली, ह्यामागे हवेइतकेच हे अंतरही कारण असावे. थडग्यांच्या गावी रंगलेली मेजवानी हा विसंगतीचा भाग सोडून दिला, तरी एक गोष्ट स्पष्ट होते. सहलीचे स्वरूप सहल करणाऱ्याच्या मनापेक्षा जनावराच्या पायांनी अधिक ठरते.

ह्या वाटेवरील घोडदौडीची सर्वांत प्रसिद्ध कथा एका वधूची आहे. गुजरातचा पदच्युत राजा कर्ण वाघेला बागलाणात आश्रयास राहिला असता त्याची कन्या देवलदेवी हिचा विवाह देवगिरीच्या रामचंद्र यादवाचा पुत्र शंकरदेव ह्याच्याशी ठरला. तिला देवगिरीस आणण्यासाठी शंकरदेवाचा भाऊ भीमदेव घोडदळ घेऊन गेला. इकडे गुजरातेतून तिचा शोध घेत आलेला अल्पखान कर्णाचा पराभव करून पाठलाग करीत देवगिरीच्या परिसरात पोहोचला. पण माग हरवल्यामुळे त्याने दोन दिवस तळ दिला. पुढची हकीकत फरिश्ता सांगतो ती मोठी विलक्षण आहे. तळावरील सुमारे तीनशे सैनिक परवानगीवाचून जवळच असलेली वेरूळची लेणी पाहण्यास निघाले. तेथे अकस्मात त्यांची भीमदेवाच्या तुकडीशी गाठ पडली. चकमकीत देवलदेवीच्या घोड्यास बाण लागला आणि ती शत्रूच्या हाती सापडली. पुढे दिल्लीस तिचा विवाह अलाउद्दीनाचा पुत्र खिज्रखान ह्याच्याशी झाला आणि अमीर खुस्रोने त्या दोघांच्या प्रेमावर फारसी काव्य रचले.

ही घटना १३०६-०७च्या सुमाराची मानली जाते. तिच्या ऐतिहासिकतेविषयी आधुनिक अभ्यासकांत मतभेद आहेत आणि ते निराधार नाहीत. फरिश्त्याने आपला ग्रंथ सतराव्या शतकाच्या आरंभी, म्हणजे जवळजवळ तीन शतकांनंतर लिहिला. त्यामुळे सैनिकांच्या संख्येसारख्या तपशिलावर विसंबून चालणार नाही. पण येथे प्रश्न वेगळा आहे. फरिश्त्याचे आयुष्य अहमदनगर व विजापूर येथील दरबारांत गेले. अशा दक्षिणेत वावरलेल्या लेखकास, लढाईच्या ऐन धामधुमीत सैनिकांनी दोन दिवसांची उसंत मिळताच लेणी पाहावयास जावे, हे वाचकास पटण्याजोगे वाटले, ही गोष्ट चौदाव्या शतकाविषयी काही सांगो वा न सांगो, १६००च्या सुमाराविषयी पुष्कळ सांगते. वेरूळ हे तेव्हा 'जाऊन पाहण्याचे' ठिकाण होते. यात्रेचे नव्हे, पाहण्याचे. आणि एकाच स्थळी दोन घोडेस्वार टोळ्या येतात, एक कुतूहलाने, दुसरी वधूला घेऊन. सहल व वरात ह्यांची ही गाठ रक्तपातात संपते, कारण वाट कोणाच्याच ताब्यात नव्हती. वधूचे रक्षक स्थानिक होते, त्यांना आडवाटा ठाऊक होत्या. तरी निर्धोकपणा त्यांना देता आला नाही.

दुसरी हकीकत औरंगाबाद शहराशी निगडित आहे आणि तिच्यात घोडा प्रेमासाठी नव्हे, प्रेमाच्या शोकासाठी निघतो. दख्खनच्या दुसऱ्या सुभेदारीवर येताना औरंगजेबाचा मुक्काम बऱ्हाणपुरास पडला असता हिराबाई, म्हणजेच जैनाबादी, हिच्याविषयी त्याच्या मनात अनिवार आसक्ती उत्पन्न झाली, हे सर्वश्रुत आहे. ती ऐन तारुण्यात मरण पावली व औरंगाबादेतील मोठ्या तलावाजवळ तिला पुरण्यात आले. शाहनवाजखानाने अठराव्या शतकात औरंगाबादेतच रचलेल्या 'मआसिर-उल-उमरा' ह्या चरित्रकोशात ह्यासंबंधी एक प्रसंग आला आहे. तिच्या मृत्यूने व्याकूळ झालेला शाहजादा शिकारीस निघाला. रिकिबीलगत चालणाऱ्या अकिलखानाने, मनाची अशी अवस्था असताना शिकार कसली, असे विचारले. तेव्हा घरात रडून मन हलके होत नाही, त्यासाठी एकांत लागतो, अशा आशयाची काव्यपंक्ती त्याने म्हटली. अकिलखानाने उत्तरादाखल दुसरा शेर म्हणून दाखविला आणि औरंगजेबास अश्रू आवरले नाहीत. तो शेर खुद्द अकिलखानाचाच होता; पण त्याने ते सांगितले नाही.

कथेत अलंकरण असेल. तथापि तिची मांडणी अर्थपूर्ण आहे. एकांतासाठी निघालेला मनुष्य एकटा नसतो. त्याच्या रिकिबीपाशी कोणी तरी असते, आणि त्या कोणाची तरी उपस्थिती एकांत मोडत नाही, उलट तो घडवून आणते. वाटाड्याच्या भूमिकेचे एवढे स्वच्छ चित्र, जरी ते एका विद्वान सरदाराच्या रूपात असले, तरी ह्या भागाच्या साधनांत दुसरे सहसा आढळत नाही.

येथपर्यंतची उदाहरणे राजकुळांतील आहेत. सामान्य मराठी मनात घोड्यावरील जोडप्याची प्रतिमा कोणती होती, असे विचारल्यास उत्तरासाठी दूर जावे लागत नाही. मल्हारी मार्तंडाचे टाक पाहावेत. खंडोबा घोड्यावर स्वार, त्याच्यासवे त्याच घोड्यावर म्हाळसा, आणि पायाशी कुत्रा. देवघरात रोज पुजली जाणारी, पतिपत्नींना एकाच घोड्यावर दाखविणारी एवढी प्रचलित प्रतिमा महाराष्ट्रात दुसरी नाही. बाणाईच्या आख्यानात तर देव धनगरवाड्यावर चाकरी करतो, मेंढरे राखतो आणि अखेर तिला जेजुरीस आणतो. औरंगाबादच्या दक्षिणेस सातारा गावी खंडोबाचे जुने दगडी मंदिर आहे. नांदेड जिल्ह्यातील माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत घोड्यांचा मोठा बाजार भरत आला आहे. लग्नानंतर नवरानवरीने जोडीने कुलदैवताच्या दर्शनास जाणे, जेजुरीस नवऱ्याने नवरीला उचलून काही पायऱ्या चढणे, हा आचार अजूनही पाळला जातो. विवाहानंतरचा पहिला जोडप्रवास तो हाच. त्याला मधुचंद्र म्हणणे कालविपर्यासाचे होईल, कारण ह्या प्रवासात सासू, नणंद, दीर, वाघ्यामुरळी असा सर्व परिवार बरोबर असे. पण मराठी जोडप्याने हौसेचा प्रवास प्रथम इंग्रजांकडून शिकला, असे म्हणणेही तितकेच विपर्यस्त ठरेल.

वनभोजनाविषयी हेच म्हणता येते. कार्तिकात आवळीखाली बसून जेवण्याची चाल, मार्गशीर्ष-पौषात मराठवाड्याच्या शेतांतून होणारा ज्वारीचा हुरडा, ह्या दोहोंत घराबाहेर झाडाखाली बसून खाण्याचा आनंद पूर्णपणे आहे. नाही तो एकांत. पंगत सर्वांची असते.

मराठी स्त्रिया घोड्यावर बसत होत्या काय, हा प्रश्न ह्या संदर्भात उपस्थित होणे स्वाभाविक आहे. सरदारघराण्यांपुरते तरी उत्तर निःसंशय होकारार्थी आहे, आणि त्याचा सर्वांत जिवंत पुरावा मराठी मुलुखाबाहेरचा आहे. दौलतराव शिंदे ह्यांच्या पत्नी बायजाबाई ग्वाल्हेरीहून निघावे लागल्यानंतर १८३५मध्ये फत्तेगड येथे तळ देऊन राहिल्या होत्या. तेथे फॅनी पार्क्स ही इंग्रज बाई त्यांच्या भेटीस जात असे. तिने १८५०मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रवासवृत्तात लिहिले आहे की, इंग्रज स्त्रिया घोड्याच्या एकाच बाजूस दोन्ही पाय सोडून बसतात, हे पाहून जनान्यातील मराठी स्त्रियांना हसू आवरेना. त्या स्वतः पुरुषांप्रमाणे दोहों बाजूंस पाय टाकून, पक्की मांड घालून बसत. पार्क्सबाईने मराठी पद्धतीने बसून पाहिले आणि तीच अधिक सुखाची व सुरक्षित असल्याचा निर्वाळा दिला. आपल्याकडील रीत बदलणाऱ्यांच्या शहाणपणाविषयी तिने चार शब्द ऐकविण्यासही कमी केले नाही.

हा प्रसंग वरवर गमतीचा आहे. पण त्यातून निघणारा निष्कर्ष महत्त्वाचा आहे. एकांगी खोगिरावर बसलेल्या स्त्रीला चढावउतारावर तोल सांभाळणे कठीण पडते. तिला लगामाशी माणूस लागतोच. दुतर्फा मांड घातलेल्या स्त्रीस तो लागेलच असे नाही. म्हणजे घोड्यापुढे चालणारा मोतद्दार हा इंग्रजी सहलीचा अनिवार्य भाग होण्यास त्या समाजातील स्त्रीच्या बसण्याची रीतही कारणीभूत झाली. अर्थात बायजाबाईंच्या कनातीतील घोडदौड कनातीच्या आतच राही. बाहेरच्या वाटेवर पतीबरोबर रमतगमत जाण्याची मुभा मात्र, मांड कितीही पक्की असली तरी, त्या स्त्रियांना नव्हती.

ती मुभा मिळण्यास आणखी दीर्घ काळ लागला, आणि त्याचा संबंध घोड्याशी नसून विवाहाच्या वयाशी आहे. १८९१च्या संमतिवयाच्या कायद्याने मर्यादा दहावरून बारा वर्षांवर नेली, तीही केवढ्या वादळानंतर, हे विदितच आहे. १९२९च्या शारदा कायद्याने मुलीचे विवाहवय चौदा ठरले. जेथे नवरी बालिका आणि नवरा विद्यार्थी, तेथे 'दोघांची सुट्टी' ह्या कल्पनेस जागाच नव्हती. न्यायमूर्ती रानडे सरकारी फिरतीवर असताना रमाबाई त्यांच्यासमवेत हिंडल्या, आणि 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' (१९१०) ह्या ग्रंथात त्या सहवासाचे चित्र उमटले आहे. पतिपत्नींच्या सहप्रवासास त्या पिढीत सरकारी कामाचे निमित्त लागत असे, ही गोष्ट त्यातून ध्यानी येते.

आता पुन्हा वेरूळच्या वाटेकडे वळावयास हवे. फ्रेंच प्रवासी तेव्हनो १६६६-६७च्या प्रवासात येथे येऊन गेला. युरोपीयांनी लिहिलेल्या वेरूळच्या आरंभीच्या वर्णनांत त्याच्या वर्णनाची गणना होते. इंग्रज अधिकारी सीली हा १८१०मध्ये मुंबईहून मुद्दाम वेरूळ पाहण्यासाठी आला व १८२४मध्ये त्याने त्यावर स्वतंत्र ग्रंथच प्रसिद्ध केला. ह्या दोहोंच्या मध्ये येतो तो सर चार्ल्स मॅलेट, पुण्याच्या दरबारातील इंग्रजांचा वकील. त्याने वेरूळवर लिहिलेला निबंध १७९४चा असून तो पुढे 'एशियाटिक रिसर्चेस'च्या सहाव्या खंडात छापला गेला. मॅलेटच्या आश्रयाने पुण्याचा चित्रकार गंगाराम तांबट ह्याने वेरूळची रेखाटने केली. स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्स ह्यानेही केली. वेल्स १७९५मध्ये साष्टीच्या लेण्यांचे काम करीत असता मरण पावला. त्याची वेरूळची चित्रे टॉमस डॅनियल ह्याने १८०३मध्ये लंडनला प्रसिद्ध केली. वेल्सच्या सुझॅना ह्या कन्येशी मॅलेटने १७९९मध्ये, स्वदेशी परतल्यावर, विवाह केला. वेरूळच्या दगडी लेण्यांच्या अभ्यासातून जुळलेले हे नाते पुढे एका अगदी वेगळ्या डोंगरावर फळास आले. त्याचा उल्लेख पुढे येईलच.

अजिंठ्याची गोष्ट ह्याहून वेगळी नाही. २८ एप्रिल १८१९ रोजी मद्रास घोडदळातील जॉन स्मिथ ह्या अधिकाऱ्याने दहाव्या लेण्यातील खांबावर आपले नाव व तारीख कोरली. तो शिकारीच्या निमित्ताने त्या भागात आला होता आणि एका गुराखी मुलाने त्याला दरीतील कमान दाखविली, अशी आख्यायिका आहे. आख्यायिकेस कागदोपत्री आधार नाही. पण कोणी तरी दाखविल्याखेरीज त्या अरण्यातील दरी परक्या घोडेस्वारास सापडली असेल, हे मानणे अधिक कठीण आहे. दाखविणाऱ्याचे नाव खांबावर नाही. १८२४मध्ये लान्सर पलटणीतील जेम्स अलेक्झांडर हा अजिंठा पाहावयास गेला, तेव्हा वाघांपासून वाचलात तर भिल्लांच्या हाती सापडाल, अशी धास्ती त्याला स्थानिकांनी घातली. तरीही तो वाटाड्या घेऊन गेला व सुखरूप परतला. त्याच्या वृत्तांतात भीती, कुतूहल आणि घोडा आहे, रमणीयताही आहे. सहचरी नाही, आणि त्या काळी त्या वाटेवर ती असणे शक्यही नव्हते.

अजिंठ्याच्या संदर्भात रॉबर्ट गिल व पारो ह्यांची आठवण कोणासही होईल. १८४४मध्ये भित्तिचित्रांच्या प्रतिकृतींसाठी नेमला गेलेला हा अधिकारी अजिंठा गावी राहिला. पारोचे थडगे त्याच गावी असून तिच्या मृत्यूची तारीख २३ मे १८५६ अशी त्यावर आहे. ना. धों. महानोर ह्यांचे 'अजिंठा' हे दीर्घकाव्य व २०१२चा त्याच नावाचा चित्रपट ह्यांमुळे हे जोडपे मराठी मनात रुजले आहे. परंतु ह्या प्रेमकथेस समकालीन लेखी आधार म्हणजे मुख्यतः तो थडग्यावरील लेखच होय. वाघूरच्या काठाने दोघे घोड्यावरून हिंडल्याचे चित्र कोणी रंगविलेच, तर ते कल्पनेचे मानावे; इतिहासकाराने ते साधन म्हणून वापरू नये.

ह्या वाटांवर सहकुटुंब येणारा प्रवासी दिसू लागतो तो आगगाडीनंतर. आरंभी मुंबईहून येणारी मंडळी ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेच्या नांदगाव स्थानकावर उतरत आणि तेथून टांग्याने वेरूळ व औरंगाबाद गाठीत. १९००च्या सुमारास मनमाडहून निघालेला निजामाचा गोदावरी खोऱ्यातील लोहमार्ग औरंगाबादेस पोहोचला. १९१४मध्ये हैदराबाद संस्थानाचे पुराणवस्तुखाते स्थापन होऊन गुलाम याझदानी ह्यांच्याकडे त्याची धुरा आली. लेण्यांची निगा व वाटांची सोय ह्यांकडे लक्ष पुरविले गेले. पण ह्याच सुधारणांनी घोड्याची सहल संपविली. टांगा आला तेव्हाच स्वाराचे रूपांतर उतारूत झाले होते. मोटार आल्यावर औरंगाबाद ते वेरूळ हे अंतर तासाभराचे झाले आणि खुलदाबादच्या मुक्कामाची निकड उरली नाही. दोघांना एकत्र फिरण्याची मुभा समाजात रुळली, नेमकी त्याच सुमारास ह्या वाटेवरून घोडा नाहीसा झाला. ह्या दोन गोष्टींची वेळ जुळली नाही, म्हणून वेरूळसारखे अप्रतिम स्थळ असूनही येथे घोडेवाल्यांचा व्यवसाय मूळ धरू शकला नाही.

तो धरला माथेरानला. आणि येथे मॅलेट घराण्याचा धागा पुन्हा हाती येतो. १८५०च्या मे महिन्यात ठाण्याचा कलेक्टर ह्यू पॉइंट्झ मॅलेट ह्याने पायथ्याच्या चौक गावाकडून, तेथील माणसांच्या साहाय्याने, माथेरानचा डोंगर चढून पाहिला व त्या ठिकाणी थंड हवेच्या वसाहतीचा पाया घातला. हा ह्यू मॅलेट म्हणजे चार्ल्स मॅलेट व सुझॅना वेल्स ह्यांचाच पुत्र. बापाने व आजोबांनी वेरूळचा डोंगर इंग्रजी वाचकांपुढे आणला. मुलाने जोडप्यांच्या सुट्टीसाठी दुसरा डोंगर शोधला. ह्यात योगायोगापलीकडे काही पाहू नये. परंतु लेण्यांच्या कुतूहलाकडून डोंगरी हवेच्या विलासाकडे झालेले इंग्रजी अभिरुचीचे संक्रमण एकाच घराण्याच्या दोन पिढ्यांत दिसावे, हे उल्लेखनीय आहे. त्याच सुमारास मुंबईच्या गव्हर्नराची पत्नी लेडी फॉकलंड हिने १८५७मध्ये प्रसिद्ध केलेल्या आठवणींत महाबळेश्वरच्या हंगामाचे जे चित्र काढले आहे, त्यावरून ह्या जीवनपद्धतीची कल्पना येते.

माथेरानला नेरळहून पालखी व तट्टू ह्यांनी जावे लागे. १९०७मध्ये आदमजी पीरभाई ह्यांचे पुत्र अब्दुल हुसेन ह्यांनी बांधलेला २१ किलोमीटरचा अरुंदमापी लोहमार्ग सुरू झाला. आगगाडीने औरंगाबादेत जे केले ते माथेरानात केले नाही, कारण येथे ती माथ्यावर येऊन थांबली व पुढे मोटारीस मज्जाव राहिला. दस्तुरी नाक्याच्या पुढे वाहन न जाण्याची परंपरा २००३मध्ये पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून झालेल्या घोषणेने अधिक दृढ झाली. परिणामी सामान हमालाच्या डोक्यावर, वृद्ध हातरिक्षात आणि नवविवाहित घोड्यावर अशी विभागणी होऊन गेली. येथील घोडा टिकला तो रम्यतेच्या ओढीने नव्हे, तर मोटारबंदीच्या नियमाने. ही गोष्ट नीट लक्षात न घेता, घोड्याची सहल ही 'जुन्या काळचा अवशेष' असल्याचे जे सांगितले जाते, ते बरोबर नाही. तो एका आधुनिक निर्बंधाचा परिणाम आहे.

माथेरानच्या ह्या व्यवस्थेत तिसरा माणूस प्रथमच उघडपणे पुढे येतो. घोडेवाला परवानाधारक असतो. त्याचा दर पॉइंटांच्या संख्येवरून ठरतो. कड्याच्या कोणत्या वळणावर उतरावयास सांगायचे, कोठे छायाचित्रासाठी थांबायचे, जोडप्याला मोकळे बोलू देण्यासाठी किती पावले पुढे चालायचे, हे सारे त्याच्या अनुभवाचा भाग असते. शहरातून आलेल्या, आयुष्यात प्रथमच घोड्यावर बसणाऱ्या दोन माणसांना जांभ्याच्या निसरड्या वाटेवरून नेणे हे कौशल्याचे काम आहे. बायजाबाईंच्या तळावरील स्त्रियांना लगामाशी माणूस लागत नव्हता. आजच्या जोडप्यातील दोघांनाही लागतो. घोडेस्वारीचे ज्ञान समाजातून जसजसे ओसरले, तसतसे वाटाड्याचे महत्त्व वाढत गेले, असा हा क्रम आहे. उत्पन्न मात्र हंगामाचे असते, आणि पावसाळ्यातही जनावराचा चारा चुकत नाही.

ह्या उपजीविकेचे भवितव्य अलीकडे न्यायालयात चर्चिले गेले. २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या अनुमतीने माथेरानात विजेवर चालणाऱ्या रिक्षांचा प्रयोग सुरू झाला, तेव्हा अश्वपालकांच्या संघटनांनी त्यास विरोध केला. त्यांचे म्हणणे स्वार्थाचे म्हणून सोडून देण्याजोगे नव्हते. औरंगाबाद-वेरूळच्या वाटेवर चाकाने घोड्याचे काय केले, हे पाहिले म्हणजे त्यांच्या भीतीचे कारण उमगते. दुसऱ्या बाजूने, माणसाने माणसाला ओढून नेण्याची हातरिक्षा ही मानवी प्रतिष्ठेस न शोभणारी प्रथा आहे, हा युक्तिवादही तितकाच सबळ होता. ऑगस्ट २०२५मध्ये न्यायालयाने हातरिक्षा सहा महिन्यांच्या आत बंद करण्याचा आदेश दिला. त्याच आदेशात दस्तुरी नाक्यापासून गावातील शिवछत्रपतींच्या पुतळ्यापर्यंतच्या रस्त्यावर फरसबंदी ठेवण्यास मान्यता देण्यात आली आणि पॉइंटांकडे जाणाऱ्या पायवाटांवर ती करू नये, असे ठरविण्यात आले. त्यामुळे गावातील मुख्य रस्ता चाकाच्या वाट्यास गेला. कड्याकडे जाणाऱ्या तांबड्या मातीच्या वाटा खुरांसाठी राहिल्या आहेत, आणि त्या वाटांवर घोड्याच्या पुढे लगाम धरून जाणारा माणूस आजही पायीच चालतो.